पोहोचले की कळवते

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती, तव्यावर धिरडं टाकलेलं आणि तेवढ्यात भाचीचा फोन आला. ही माझ्या थोरल्या बहिणीची धाकटी. तीन वर्षं झाली, अमेरिकेत सिॲटलजवळ नोकरी करते. आपल्याकडच्या मुली सुट्टीच्या दिवशी गाण्याच्या नाहीतर ड्रायव्हिंगच्या क्लासला जातात ना, तशी ही तिकडे विमान चालवायला शिकायला जायची. आता रीतसर परवानाही मिळालाय. पगारी पायलट नव्हे हं, हौशी. चार सीटचं छोटं विमान भाड्याने घ्यायचं, खर्च मैत्रिणीबरोबर वाटून घ्यायचा आणि फिरून यायचं.

त्या दिवशी मात्र बाईसाहेब वैतागल्या होत्या. दोघी मैत्रिणींनी पुढच्या शनिवारी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला जायचं ठरवलं होतं. जेवायचं, समुद्र बघायचा आणि संध्याकाळी परत. अंतर म्हणाल तर आपल्या सातारा-पुण्याएवढं. पण मध्ये देशाची सीमा! त्यामुळे विमानातल्या प्रत्येकाचं नाव, पासपोर्टचा नंबर निघायच्या निदान एक तास आधी अमेरिकेच्या कस्टमला संगणकावरून कळवायचा. कॅनडाच्या कस्टमला उतरायच्या निदान दोन तास आधी फोन करायचा. ते सांगतील त्याच विमानतळावर उतरायचं. आणि या सगळ्याच्या वर फ्लाइट प्लॅन. कुठून निघणार, किती वाजता, कुठल्या वाटेने, किती वेगाने, कधी पोहोचणार, पेट्रोल किती तासांचं आहे, माणसं किती, विमानाचा रंग कोणता. तो दिल्याशिवाय सीमा ओलांडायचीच नाही. येताना पुन्हा तेच सगळं.

भाचीचं म्हणणं असं, की घरी आजीसुद्धा एवढं विचारत नव्हती. त्या जाचातून सुटून इतक्या लांब आले, आकाशात उडायला शिकले, तर तिथेही कुठे चाललीस आणि कधी येणार!

मला हसू आलं. धिरडं करपलं ते वेगळंच. पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मला अमेलिया आठवत राहिली. अमेलिया एअरहार्ट. वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात मी तिचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा नववीत होते. आखूड कापलेले केस, चामड्याचं जाकीट, पुढच्या दोन दातांमधली ती फट आणि मोकळं हसू. तेव्हापासून ती माझ्या मनात घर करून आहे. मैत्रिणींनो, आज तिचीच गोष्ट सांगते. शूर बाईची म्हणून तर आहेच, पण निघताना सांगून जाणं म्हणजे काय, याचीही ती गोष्ट आहे.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ चा. अमेरिकेच्या कान्सास राज्यात ॲचिसन नावाचं गाव आहे, तिथे तिच्या आजोळी. लहानपणी ती आणि धाकटी बहीण म्यूरिएल झाडांवर चढायच्या, घसरगाडीवर पालथं पडून घसरायच्या. एकदा तर शेडच्या छपरावरून फळ्या लावून तिने पाळण्याच्या जत्रेतल्यासारखी गाडी केली आणि स्वतःच त्यातून धाडकन खाली आली. ओठ फुटला, फ्रॉक फाटला, पण मजा आली म्हणे. आजीला मात्र हे मुलींचं वागणं वाटेना. आजी कुठल्याही देशातली असो!

घरात सगळं गोड नव्हतं. वडील वकील, पण दारूच्या नादी लागले. नोकऱ्या गेल्या, गावं बदलत गेली, शाळा बदलत गेल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती बहिणीला भेटायला कॅनडातल्या टोरांटोला गेली. तिथे रस्त्यात कुबड्या घेतलेले जखमी सैनिक पाहिले आणि शिक्षण सोडून ती लष्करी इस्पितळात मदतनीस म्हणून राहिली. तिथेच जवळच्या मैदानावर वैमानिकांना पाहण्याचा नाद लागला.

२८ डिसेंबर १९२० ला कॅलिफोर्नियात वडिलांनी दहा डॉलर भरून तिला दहा मिनिटं विमानात बसवलं. विमान जमिनीपासून थोडं वर गेलं आणि हिचं ठरलं, आपल्याला हेच करायचंय. शिकवायला बाईच मिळाली, नेटा स्नूक नावाची. फी भरायला पैसे कुठून आणायचे? अमेलियाने टेलिफोन कंपनीत काम केलं, फोटो काढले, ट्रकसुद्धा चालवला. मग पैसे साठवून आणि घरच्यांची मदत घेऊन एक जुनं पिवळं विमान घेतलं. त्याचं नाव ठेवलं कॅनरी. पुढे आई-वडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा तिने विमान विकलं, मोटार घेतली आणि आईला शेजारी बसवून अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, बोस्टनला आली. तिथे ती परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत समाजसेविका म्हणून काम करू लागली. मुलांना इंग्रजी शिकवायची, बायकांच्या घरी जायची. विमान उडवणं उरलं सुट्टीपुरतं.

आणि मग १९२८ साली एक फोन आला. अटलांटिक समुद्र विमानातून ओलांडणारी पहिली बाई व्हायला आवडेल का, अशी विचारणा होती.

यातली गंमत अशी, की विमान ती चालवणार नव्हती. चालवणारे दोघे पुरुष. तिने नुसतं बसायचं. आणि सगळं अगदी गुपचूप, कारण दुसऱ्या बायकाही याच तयारीत होत्या. अमेलियाने आईलासुद्धा सांगितलं नाही. आई आणि वडिलांसाठी दोन पत्रं मात्र लिहून ठेवली. ती परत आली नाही तरच द्यायची होती. १७ जून १९२८ ला फ्रेंडशिप नावाचं ते विमान न्यू फाउंडलंडहून निघालं आणि वीस तास चाळीस मिनिटांनी वेल्समधल्या बरी पोर्टच्या पाण्यात उतरलं. जायचं होतं साउथहॅम्प्टनला. बरी पोर्टला कोणी त्यांची वाटच पाहत नव्हतं! किनाऱ्यावरची माणसं आपापल्या कामात. हे तिघे समुद्रावरून हात करतायत आणि कोणाचं लक्षच नाही. पुढे जगभर नाव झालं, मिरवणुका निघाल्या, पण तिच्या मनाला ते लागून राहिलं. आपण बटाट्याच्या पोत्यासारख्या आलो, असं ती स्वतःच म्हणायची.

आईला न सांगता गेली, हे वाचलं तेव्हा मला माझी एक गोष्ट आठवली. ती आजवर या सदरात लिहिली नव्हती.

माझं नवीन लग्न झालं होतं. बी. एड. झालेलं, नोकरी करायची फार इच्छा. तालुक्याच्या एका शाळेत मुलाखत होती. घरी विचारलं असतं तर नाही म्हणणार हे ठरलेलंच होतं. म्हणून विचारलंच नाही. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या आणि मी छत्री घेऊन एसटी गाठली. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत परत, असा हिशेब. श्रावणातला पाऊस. मुलाखत झाली, परतीची गाडी मिळाली आणि वाटेत नदीच्या पुलावर पाणी चढलं. गाडी अलीकडेच थांबली. दोन रात्री आम्ही तीस-पस्तीस माणसं एका शाळेच्या वर्गात काढल्या. तेव्हा मोबाइल कुठले? गावात होता तो एकुलता एक फोनही बंद पडलेला.

तिसऱ्या दिवशी घरी पोहोचले तर अंगणात माणसं जमलेली. ह्यांनी माझ्या माहेरी जाऊन पाहिलं, दवाखाने पालथे घातले, मैत्रिणींकडे चौकशी केली. आणि माझ्या धाकट्या दिराने, जेमतेम अठरा वर्षांच्या मुलाने, पावसात गावातल्या विहिरींमध्ये वाकून वाकून पाहिलं होतं. ते मला नंतर कळलं. नवी सून दोन दिवस घरात नाही म्हटल्यावर माणसं आधी विहिरी बघतात, हे लिहितानाही आज अंगावर काटा येतो. मी गेले ती दिशा पूर्वेची आणि सगळे मला शोधत होते पश्चिमेला. कारण मी कुठे गेले, हे सांगणारं जगात एकही माणूस नव्हतं.

असो. अमेलियाकडे वळते.

बटाट्याचं पोतं हे विशेषण पुसायचं तर एकटीने उडायला हवं. पण त्याआधी लग्न झालं. प्रकाशक जॉर्ज पटनम तिच्या मागे लागले होते. ७ फेब्रुवारी १९३१ ला, लग्नाच्याच दिवशी, तिने त्यांच्या हातात पत्र ठेवलं. आपण एकमेकांना जखडून ठेवायचं नाही आणि वर्षभरात सुख लाभलं नाही तर तिला मोकळं करायचं, अशी अट त्यात होती. त्यांनी मान्य केलं. नावही तिने स्वतःचंच ठेवलं. तोवर विमान चालवणाऱ्या बायकांची एक संघटनाही तिने मैत्रिणींबरोबर उभी केली होती. पहिल्या सभासद नव्याण्णव, म्हणून नावच ठेवलं नाइन्टी-नाइन्स. ही संघटना आजही चालू आहे आणि तिच्या सभासद भारतातही आहेत.

२० मे १९३२ ला ती एकटी निघाली. जायचं पॅरिसला. रात्रीच्या अंधारात उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं. इंजिनाच्या धुराच्या नळीला चीर जाऊन ज्वाळा दिसू लागल्या. पंखांवर बर्फ साठून विमान गिरक्या घेत खाली गेलं, लाटा दिसेपर्यंत. पॅरिस आता जमणार नाही हे तिने ओळखलं आणि जी पहिली जमीन दिसली तिच्यावर उतरली. ते होतं उत्तर आयर्लंडमधल्या कलमोरचं एक कुरण. गाई बिचकून पळाल्या. सुमारे पंधरा तासांत अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती पहिली बाई. आज असं कुठल्याही देशाच्या कुरणात उतरलं तर आधी पोलीस येतील, मग कस्टम. तेव्हा गावकऱ्यांनी तिला चहा पाजला.

१९३५ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने बोलावलं म्हणून ती लॉस एंजेलिसहून मेक्सिको सिटीला निघाली. वाटेत डोळ्यात किडा गेला, नकाशा दिसेना, वाट चुकली. नोपाला गावाजवळ, निवडुंगाच्या रानात, कोरड्या तळ्यावर विमान उतरवलं. गावातली माणसं धावत आली. तिला स्पॅनिश येईना, त्यांना इंग्रजी कळेना. हाताच्या खुणांनी त्यांनी मेक्सिको सिटी कुठे ते दाखवलं आणि ही पुन्हा उडाली. तीनदा ती ठरलेल्या जागी पोहोचली नाही आणि तीनदा वाचली. नशीब माणसाला कधीकधी चुकीचा धडा शिकवतं, असं मला वाटतं.

मग आला शेवटचा, सगळ्यात मोठा बेत. विषुववृत्ताच्या कडेकडेने पृथ्वीप्रदक्षिणा. सत्तेचाळीस हजार किलोमीटरच्या आसपास.

इथे मात्र नुसतं धाडस पुरणार नव्हतं. १९१९ सालीच पॅरिसमध्ये देशांनी करार केला होता, की जमिनीवर जसा देशाचा हक्क तसा त्या जमिनीवरच्या आकाशावरही. म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातून जायचं तर विचारून. आता विचार करा, १९३७ साली वाटेत कोणाकोणाची अंगणं होती! व्हेनेझुएला, ब्राझील, डच लोकांची वसाहत, फ्रेंचांची आफ्रिका, इंग्रजांचा सुदान, इटलीच्या ताब्यातला एरिट्रिया, इंग्रजांचा हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश, सयाम, जावा, ऑस्ट्रेलिया. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यामार्फत प्रत्येकाकडे पत्रं गेली. पासपोर्ट, व्हिसा, आरोग्याचे दाखले, उतरण्याची परवानगी, प्रत्येक मुक्कामावर आधी नेऊन ठेवलेलं पेट्रोल. हे सारं बघत होते नवरोबा पटनम. बायको उडणार आणि नवरा कागदपत्रं भरणार, नव्वद वर्षांपूर्वी!

मार्च १९३७ मध्ये ती पश्चिमेकडे निघाली. हवाईपर्यंत गेली आणि तिथून उडताना विमान धावपट्टीवरच कोसळलं. जीव वाचला. दुरुस्तीत दोन महिने गेले. तोवर वाऱ्यापावसाचे दिवस बदलले, म्हणून प्रदक्षिणेची दिशाच उलटी करावी लागली. आता पूर्वेकडून. म्हणजे परवानग्या, तारखा, पेट्रोल, सगळं पुन्हा नव्याने. आणि एक माणूस कमी झाला. हॅरी मॅनिंग नावाचा, बिनतारी संदेशांतला जाणकार. तो परत गेला. उरले दोघेच, अमेलिया आणि वाट शोधणारा फ्रेड नूनन.

१ जून १९३७ ला मायामी सोडलं. दक्षिण अमेरिका, मग अटलांटिक, मग आफ्रिका आडवी कापून तांबड्या समुद्राकाठी असाब. अरबस्तानच्या आतल्या भागावरून जायला मोकळीक नव्हती, म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने तेरा तास उडून १५ जूनला ती कराचीला उतरली. तेव्हाची कराची म्हणजे आपलीच की. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि कराचीत मराठी कुटुंबंही नांदत होती. तिथे तिने उंटावरून फेरी मारली आणि अमेरिकेला नवऱ्याशी फोनवर बोलली. १७ तारखेला कराचीहून कलकत्ता. वाटेत धूळ आणि मोठमोठे पक्षी विमानाच्या आसपास घिरट्या घालणारे. डमडमला उतरली तेव्हा पाऊस. ऐन मॉन्सूनमध्ये सापडली ना! पुढे ब्रह्मदेशात अक्याबहून निघाली, पण पावसाची अशी भिंत लागली की परत फिरावं लागलं. दुसऱ्या दिवशी रंगून गाठलं. मग सिंगापूर, जावा, ऑस्ट्रेलियातलं डार्विन आणि २९ जूनला न्यू गिनीमधलं ले.

इथून पुढे होता प्रशांत महासागर. आणि त्यात हाउलंड नावाचा ठिपका. लांबी जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, रुंदी किलोमीटरभरही नाही, उंची दोन मजली घराएवढी. तिच्यासाठी अमेरिकन सरकारने तिथे मुद्दाम धावपट्ट्या केल्या होत्या. लेपासून अंतर चार हजार किलोमीटरच्या वर. बेटाशेजारी इटास्का नावाचं अमेरिकेचं तटरक्षक जहाज उभं. ते तिच्याशी बिनतारी यंत्रावर बोलणार, धूर करणार, वाट दाखवणार.

२ जुलैला सकाळी दहाला ती निघाली. सुमारे वीस तास उडायचं आणि पोहोचायचं ते पुन्हा २ जुलैच्याच सकाळी, कारण मध्ये तारखेची रेषा.

आता नीट ऐका. परवानग्या सगळ्या होत्या, जहाज जागेवर होतं, माणसं रात्रभर जागी होती. पण एकमेकांशी कसं बोलायचं, याचा मेळ नीट बसलेला नव्हता. अमेलियाचा हिशेब ग्रिनिचच्या घड्याळावर आणि जहाजाचं घड्याळ ग्रिनिचपेक्षा साडेअकरा तास मागे. जहाजावरचे लोक मोर्स म्हणजे कट्ट-कडकट्ट संदेशात तरबेज, तर या दोघांना त्याचा सराव फारच कमी. दूरवर संदेश पाठवायला उपयोगी पडणारी लांब तार तिने वजन आणि कटकट नको म्हणून आधीच काढून टाकलेली. तिचा आवाज जहाजावर स्पष्ट येत होता. जवळ आलोय पण दिसत नाही, पेट्रोल संपत आलंय, असं ती सांगत होती. जहाज उत्तर देत होतं आणि ते तिला ऐकू जात नव्हतं. ज्या लहरीवर तिने संदेश मागितला तो एकदा तिला ऐकू आला, पण त्या लहरीवर तिच्या यंत्राला दिशाच काढता येत नव्हती. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला तिचा शेवटचा निरोप आला. आपण एका रेषेवर उत्तर-दक्षिण फिरतोय, असा. त्या रेषेवर नेमकी कुठे, ते मात्र कळलं नाही.

त्यानंतर काही नाही.

इटास्का शोधायला निघालं. पण कुठल्या दिशेला? ढग उत्तरेकडे होते म्हणून ती तिकडे भरकटली असेल, असा अंदाज करून आधी वायव्येला गेलं. मग युद्धनौका आल्या, विमानवाहू जहाज आलं. नऊ जहाजं आणि सहासष्ट विमानांनी १९ जुलैपर्यंत समुद्र पिंजून काढला. पुढचे पाच दिवस गेले असते तर तिचा चाळिसावा वाढदिवस होता. ५ जानेवारी १९३९ ला कोर्टाने तिला मृत घोषित केलं. विमान बुडालं की दुसऱ्या कुठल्या बेटावर उतरलं, याचे तर्क आजही चालू आहेत.

मला राहून राहून वाटतं, ती न सांगता गेलेली बाई नव्हती. जगभर जाहीर करून गेली होती. पण सांगणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं घड्याळ एक हवं, भाषा एक हवी, तेव्हाच तो निरोप होतो. नाहीतर नुसता आवाज.

डिसेंबर १९४४ मध्ये, महायुद्ध अजून चालू असतानाच, शिकागोला जमलेल्या बावन्न देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या आणि हवाई वाहतुकीचे सगळ्यांना लागू होतील असे नियम करायचं ठरलं. त्यातूनच पुढे आजचा फ्लाइट प्लॅन आला. सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येकाने तो द्यायचा, मग विमान चारशे माणसांचं असो की माझ्या भाचीचं. फॉर्म सगळीकडे एकाच नमुन्याचा, वेळ सगळीकडे एकच, ग्रिनिचची धरायची. पेट्रोल किती तासांचं, हे मुद्दाम विचारतात. कारण ते संपायची वेळ झाली की आता विमान हवेत असूच शकत नाही, हे शोधणाऱ्यांना कळतं. माणसं किती ते विचारतात, कारण किती जणांना शोधायचं ते कळायला हवं. लाइफ जॅकेट आहेत का, विमानाचा रंग कोणता, हे वरून पाहणाऱ्यासाठी. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास उलटला आणि विमान पोहोचलं नाही, निरोपही नाही, की चौकशी सुरू. काळजी, मग धोक्याचा इशारा, मग शोधमोहीम, अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. कोणी फोन करून रडायची वाट बघत नाहीत.

आपल्याकडे तर याशिवाय हवाई संरक्षणाच्या परवानगीचा वेगळा नंबर घ्यावा लागतो. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या आरोही पंडितने दोन सीटच्या चिमुकल्या विमानातून एकटीने स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडा गाठला, अटलांटिक ओलांडला. तेवीस वर्षांची मुलगी. तिच्याही प्रत्येक टप्प्यामागे असे कागद होतेच.

म्हणून मी भाचीला पुन्हा फोन केला आणि म्हटलं, बाई गं, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. एक असते परवानगी. ती समोरचा देईल किंवा नाकारेल. देशाच्या सीमेवर ती घ्यावी लागते, बाईलाही आणि बुवालाही. दुसरी असते कळवणं. त्यात कोणी जाऊ का विचारत नाही. मी चाललेय, या वाटेने चाललेय, अमुक वाजता पोहोचेन, नाही पोहोचले तर इथे शोधा, एवढंच. आपल्या घरांमधून बायकांच्या बाबतीत या दोन्हींची इतकी सरमिसळ झालीय, की कळवायला गेलं तर ती परवानगी मागितल्यासारखी होते. मग बायका कळवणंच बंद करतात. माझं तेच झालं होतं.

पावसातून परत आल्यावर चार दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी सासूबाई धान्य निवडत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं, की इथून पुढे मी जाईन तिथे सांगून जाईन, पण मला अडवायचं नाही. अडवणार असाल तर सांगणार नाही. त्या काही बोलल्या नाहीत. सुपातले खडे वेचत राहिल्या. दोन वर्षांनी मी दुसऱ्या शाळेत लागले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी फक्त परतीची गाडी कितीची ते विचारलं. मी साडेपाचची म्हटलं. पावणेसहापासून त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या, हे मला शेजारणीने सांगितलं. निवृत्त होईपर्यंत मी परतीच्या गाडीची वेळ सांगूनच निघत गेले.

आणि हो, माझा हाच नियम घरातल्या पुरुषांनाही लागू आहे. मुलगा मोटरसायकल काढतो तेव्हा तोही सांगून जातो. फ्लाइट प्लॅन काय फक्त बायकांकडून मागत नाहीत!

भाची पुढच्या शनिवारी व्हिक्टोरियाला जाऊन आली. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती. मोबाइल उशाशी ठेवूनच मी झोपले होते. परत उतरल्यावर तिने आधी विमानतळावरून फ्लाइट प्लॅन बंद केला. तोही आठवणीने बंद करावा लागतो, नाहीतर माणूस घरी जेवत बसलेला आणि शोध घेणारे बाहेर, असं होतं. मग मला एका शब्दाचा निरोप पाठवला. पोहोचले.

मी उठून चहा टाकला.